गाडीचं टायर घासतंय? आधी मोजायची टेप बाहेर काढा

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘खर्र’ आवाज येतो. किंवा धुतलेली गाडी लांबून बघितली तर एका अंगाला कललेली दिसते. निदान ठरलेलंच असतं: शॉकअप गेले. शॉकअप बदलून होतात आणि गाडी तशीच कललेली राहते, कारण गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाहीत, स्प्रिंग पेलते. स्प्रिंगची उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. त्यातल्या गॅसमुळे उंचीत फरक पडला तरी किरकोळ.

तेव्हा सुरुवात मोजण्यापासून. सपाट वाटणाऱ्या पार्किंगच्या कोब्याला पाणी जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची पातळी बघा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, डिकी रिकामी करा, आत कुणी बसू नका. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर दहा-पंधरा फूट मागेपुढे फिरवा, नाहीतर चाकं आत ओढलेली राहून गाडी उंच दिसते. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही मापात येते. डाव्या-उजव्यात ५-७ मिमी फरक असेल तर सोडून द्या. १५ मिमीच्या वर गेला तर कारण शोधायलाच हवं.

खाली गेलेला कोपराच दोषी असतो असं मात्र नाही. पुढची उजवी स्प्रिंग बसली (दबून आखूड झाली) की अख्खी बॉडी उजवीकडे झुकते आणि मागची उजवी बाजूही दबलेली दिसते. खरा दोष कुठे, हे ओळखायला मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाकं जेमतेम सुटतील इतकं उचला. मागची दोन्ही मापं सारखी झाली तर दोष पुढे, फरक तसाच राहिला तर मागे. या वेळी गाडी एकाच टेकूवर असते. खाली डोकं घालायचं नाही.

आता टॉर्च घेऊन स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा. घाटातला लाल चिखल तिथे साचतो, ओल धरतो, रंग उडतो, गंजाचा खड्डा पडतो आणि तिथूनच तडा जातो. तुटलेला अर्धा वेढा बरेचदा स्प्रिंग टेकते त्या वाटीतच पडून असतो, चिखलामुळे दिसत नाही. ‘स्प्रिंग नरम झाली’ हे बोलणं अर्धवट खरं आहे. पोलादाची ताठरता वयाने कमी होत नाही. कायमच्या भाराने स्प्रिंगची लांबी कमी होते. गंज मात्र खरोखर नरम करतो, कारण ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. १२ मिमीची तार सगळीकडून झिजून ११.५ झाली तर ताठरता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. वेढ्यांत रबरी बफर अडकवून उंची मिळते खरी, पण ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो. स्प्रिंग बदलायची तर एका एक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची डावी-उजवी, जोडीच बदला.

काम झाल्यावर एक बाजू उलट वर राहिली असेल तर लोअर आर्मचा (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, बघा. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताना बुशचं रबर पिळलं जातं. ते गाडीला वर ढकलत राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा आवळा चाकांवर वजन आल्यावरच द्यायचा.

घासण्याची जागा शोधायला टायरच्या कडेला खडूची पूड लावा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत हळू चालवा आणि पूड कुठे पुसली ते बघा. आधी मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरची क्लिप निघालीय का हे तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. पूर्ण वळणावरच लायनरची मागची बाजू घासत असेल तर टायर मोठा आहे किंवा बुश सैल होऊन चाक मागे सरकलंय. फक्त माणसं भरल्यावर, खड्ड्यात वरून घासत असेल तर स्प्रिंग बसलीय.

टायरचा आकडाही वाचा: आधी रुंदी मिमीमध्ये, मग रुंदीच्या किती टक्के उंची, शेवटी रिमचा व्यास इंचात. १८५/६५ आर १५ ऐवजी २०५/६५ आर १५ बसवला तर व्यास २६ मिमीने वाढतो, रुंदी दोन्हीकडे १०-१० मिमी. त्यात ईटी (रिमच्या मध्यापासून ती हबला बसते त्या जागेचं मिमीतलं अंतर) ४५ ऐवजी ३५ असलेली अलॉय रिम आली की चाक आणखी १० मिमी बाहेर, म्हणजे टायरची बाहेरची कड एकूण २० मिमी बाहेर.

घासलेल्या टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा. धागे दिसत असतील तर तो टायर पंक्चरवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, बदलायचाच. तिथून जाणारा ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायरही त्याच वेळी बघून घ्या.