केऑस आणि पूर्वानुमान : भौतिकशास्त्राचे अध्यापन

नियम पूर्ण ठाऊक आहेत, गणितात यदृच्छेला जागा नाही, तरीही फार पुढचे भाकीत करता येत नाही, अशा वर्तनाला केऑस म्हणतात. हा विषय पदवीच्या वर्गात शिकवताना आधी एक समजूत आडवी येते. साधा लंबक आणि ग्रहगतीची गणिते सोडवून आलेल्या विद्यार्थ्याला समीकरण हाती आले की भविष्यही हाती आले, असे वाटत असते.

नाशिकमध्ये ही समजूत तपासायला गावातलीच उदाहरणे आहेत. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरतो. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, त्यामुळे २०१५ नंतरच्या पर्वण्या २०२७ मध्ये येणार हे कित्येक वर्षे आधी काढता येते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षघड भरात असताना निफाडच्या एखाद्या बागेवर गारा पडतील का, हे महिनाभर आधी कुणालाच सांगता येत नाही. गतीचे नियम दोन्हीकडे न्यूटनचेच. ग्रहमालाही केऑसपासून मुक्त नाही. तिथे चूक फुगायला लाखो वर्षे लागतात, एवढेच. म्हणून भाकीत किती काळ टिकते, हा प्रश्न वर्गात पहिल्या दिवसापासून विचारायला हवा.

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि हवामानाचा आलेख पुढे पार वेगळा निघाला. हाच अनुभव एक्सेलमध्ये घेता येतो. एका स्तंभात ०.४, दुसऱ्यात ०.४००००१ घ्यावे आणि प्रत्येक पुढची संख्या ४य(१−य) या सूत्राने काढावी; य म्हणजे त्याच स्तंभातली आधीची संख्या. फरक सरासरीने दर पायरीला दुप्पट होतो. साधारण विसाव्या पायरीला दोन्ही स्तंभांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. सुरुवातीची अचूकता हजारपट वाढवली, तरी जेमतेम दहा पायऱ्या जास्त मिळतात. हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे, फळ्यावर सांगून भागत नाही. दुहेरी लंबक, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा लंबक, डोळ्यांना भुरळ घालतो, पण तिथे दोष घर्षणावर किंवा हाताच्या धक्क्यावर ढकलता येतो.

आणखी एक प्रयोग टाळू नये. तेच सूत्र ४य−४य² असे लिहिले, तर संगणकाच्या पूर्णांकनामुळे, म्हणजे शेवटचे दशांश अंक सोडून देण्यामुळे, पन्नासेक पायऱ्यांनंतर निराळेच आकडे येतात. मात्र दोन्ही स्तंभांतील काही हजार संख्यांचे आयतालेख (कोणत्या टप्प्यात किती संख्या पडल्या, ते दाखवणारे) काढले, तर ते जवळपास सारखेच दिसतात. उद्याचा पाऊस आणि तीस वर्षांची पावसाची सरासरी हे दोन वेगळे प्रश्न का आहेत, ते इथून समजावता येते.