कळ येते तेव्हा मूठ सैल सोडा

बर्फाचा एक खडा मुठीत धरा आणि घड्याळाकडे बघा. मिनिटभर तो सोडायचा नाही. पहिल्या खेपेला बहुतेक जण दात आवळतात, खांदे वर चढवतात, श्वास कोंडून धरतात. थोडं थांबून खडा दुसऱ्या हातात घ्या. आता खांदे खाली, जबडा ढिला, आणि श्वास सोडताना समोर निरांजन आहे, ज्योत हलावी पण विझू नये, अशी हलकी लांब फुंकर. बर्फ तेवढाच गार असतो, मिनिट मात्र जरा सोपं जातं. गरोदरपणाच्या वर्गांमध्ये हा सराव करून घेतात. ऐन बाळंतपणातली कळही साधारण मिनिटभराचीच असते, आणि दोन कळांच्या मध्ये विसावा असतो.

हे सगळं मनाचं समाधान आहे, असं घरातली मोठी माणसं म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. मला ते पटत नाही, कारण इथे जे घडतं ते रक्तात घडतं.

गर्भाशय हा मोठा, बळकट स्नायू आहे, पण हात-पाय हलवावेत तसा तो आपल्या मर्जीने हलत नाही. तो रक्तातल्या रसायनांचं ऐकतो. त्यातलं मुख्य रसायन म्हणजे ऑक्सिटोसिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात येतं. या ग्रंथीच्या अर्कामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवलं. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबलं जातं, तिथल्या नसा मेंदूला वर्दी देतात, मेंदू आणखी ऑक्सिटोसिन सोडतो, पुढची कळ जास्त जोराची येते आणि डोकं आणखी खाली सरकतं. शरीरातल्या बहुतेक व्यवस्था तोल सांभाळतात. अंग तापलं की घाम येतो. ही व्यवस्था मात्र बाळ बाहेर येईपर्यंत चढतच जाते.

आता भीती आली की काय होतं ते पाहा. ॲड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर रक्तात सुटणारं रसायन, वाढतं. गर्भाशयाच्या स्नायूवर बीटा-२ नावाची ग्राहकस्थानं असतात, त्यांच्यावर ॲड्रेनलिन बसलं की स्नायू ढिला पडतो. वेळेआधी सुरू झालेल्या कळा थोपवायला टर्ब्युटालिन हे औषध वापरतात, तेही याच जागी काम करतं. म्हणजे भेदरलेल्या बाईचं शरीर कळा अडवणारं औषध जणू स्वतःच स्वतःला देत असतं. अमेरिकेत रेजिना लेडरमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पहिलटकरणींच्या रक्तातलं ॲड्रेनलिन मोजलं. जिथे चिंता जास्त, तिथे ॲड्रेनलिन जास्त, गर्भाशयाचं काम मंद आणि बाळंतपण लांबलेलं, असा संबंध त्यांना दिसला.

इथे एक चूक फार जुनी आहे. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात भीती, ताण आणि वेदना यांचं दुष्टचक्र मांडलं. ते मोलाचं होतं, पण भीती गेली की वेदना जवळजवळ उरतच नाही, असा त्यातून अर्थ निघाला. तो खरा नाही. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक यांनी पुढे प्रश्नावली वापरून बाळंतपणाची वेदना मोजली, तेव्हा ती सर्वांत तीव्र वेदनांच्या रांगेत निघाली. आधी शिकून आलेल्या बायकांचा आकडा खाली होता, पण थोडाच. तेव्हा ओरडणारी बाई कमी पडली, असं कुणी म्हणू नये. कुणी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलं तर ती हार नव्हे.

याच मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ मध्ये एक सिद्धांत मांडला होता. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश तिथे पोचले की ते थोडं मिटतं. कंबर चोळल्यावर का बरं वाटतं, त्याचं हे उत्तर. कळ सुरू होताच माकडहाडाच्या जरा वर तळव्याने घट्ट दाब द्यायचा. सुईणींना हे हातानेच ठाऊक होतं.

श्वासाचंही असंच. फ्रेंच डॉक्टर फर्नांद लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेली पद्धत पॅरिसला नेली. तिच्यात धापा टाकल्यासारखे जलद श्वास होते. असा श्वास फार वेळ घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. म्हणून आज भर संथ श्वासावर आहे, श्वास सोडणं लांबवण्यावर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. मनगटावर नाडी धरून बघा, कळेल.

पण या सगळ्यापेक्षा जोरदार उपाय म्हणजे सोबत. ग्वाटेमालात १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बायकांजवळ एक अनोळखी बाई बसवली. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, एवढंच. गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणांमध्ये दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा काळ सोबत असताना सरासरी ८.८ तास निघाला, एकटीला १९.३ तास. पुढच्या अभ्यासांत फरक इतका मोठा राहिला नाही, पण दिशा तीच राहिली. २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. अखंड सोबत मिळालेल्यांची सिझेरियन कमी झाली.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाला स्वतः त्यातून गेलेली एक बाई सोबत असावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. तरी लेबर रूमच्या दाराबाहेर आई आणि आत लेक एकटी, हे चित्र संपलेलं नाही. वर बोलणी बसतात. सिस्टरवर कामाचा डोंगर असतो हे खरं, पण त्या वेळी अंगावर ओरडणं म्हणजे ॲड्रेनलिनचा डोस आहे. नाव घालताना सोबतीबद्दल विचारा, आणि नाही म्हटलं तर पुन्हा विचारा.

सराव सातव्या महिन्यापासून करावा. मूठ घट्ट आवळून सोडायची, मग खांदे, मग कपाळ; आवळलेलं आणि सैल यातला फरक अंगाला कळायला हवा. कळा सुरू झाल्या की नुसतं पडून न राहता, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर, फेऱ्या माराव्यात, खिडकीला धरून झुलावं. मात्र रक्त जायला लागलं, पाणी हिरवट गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर श्वासबीस बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा.

आणि सोबत बसणारीला आधीच सांगून ठेवा: गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायला आलं की बऱ्याच बायका म्हणतात, “आता नाही होत माझ्याच्यानं.” तेव्हा घाबरायचं नाही, समजावत बसायचं नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून आपणच मोठ्याने, लांब श्वास सोडायचा. तिचा श्वास मागोमाग येतो.