अरिसाका टाइप ९९ : शेवटच्या टप्प्यातील रायफल

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोलाद, यंत्रे आणि वेळ यांचा तुटवडा पडल्यावर जपानने काटछाट करून बनवलेली रायफल. संग्राहक तिला ‘लास्ट डिच’ (शेवटची निकराची धडपड) म्हणतात. प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने एकेक भाग वगळत नेल्यामुळे दोन रायफली सहसा तंतोतंत सारख्या नसतात.

१९३९ ची मूळ टाइप ९९ म्हणजे ७.७ मिमी आतील व्यासाच्या नळीची, ५ काडतुसांची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हा सरकता दांडा हाताने मागेपुढे करावा लागणारी. तिच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता, बोल्टवर सरकते धूळझाकण होते, पुढे तारेचा एकटांगी पाय होता. विमानावर नेम धरता यावा म्हणून नेम धरण्याच्या मागच्या साइटला दुमडते पंखही होते. त्यांनी विमाने किती पडली असतील, याची शंकाच आहे.

युद्धाच्या अखेरीस पंख, पाय आणि झाकण गेले. सरकत्या साइटच्या जागी ३०० मीटरसाठी बसवलेले एक भोक उरले. बोल्टच्या मुठीचा अंडाकृती गोळा जाऊन साधा दंडगोल आला, सेफ्टीच्या टोपीवरची नक्षी जाऊन वेल्डिंगचा ओबडधोबड डाग राहिला. दस्त्याच्या बुडाला पोलादी पट्टीऐवजी खिळ्यांनी ठोकलेली फळी लागली, आणि लाकडावर रंध्याच्या खुणा तशाच दिसू लागल्या. क्रोम वगळल्याचा तोटा मात्र खरा होता: त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार उरत. ते वेळेवर धुतले नाहीत की दमट हवेत नळी गंजे.

कात्री मुख्यतः सफाईवर चालली. बारावेळी बोल्ट जागी अडकवून धरणारे पुढचे दोन कुलूपदाते तसेच राहिले, त्यामुळे रूप बेढब असूनही यंत्रणा सहसा भक्कम असते. नौदलाच्या एका प्रकारात रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) ओतीव लोखंडाचा होता. तिथे बोल्ट रिसीव्हरऐवजी थेट नळीच्या मागच्या भागात अडकवून दाब पेलला जाई.

धोका वेगळीकडे आहे. शाळांत कवायतीसाठी दिलेल्या, फक्त रिकाम्या बारासाठी बनवलेल्या बंदुका दुरून तशाच दिसतात. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, रिसीव्हर ओतीव आणि कमकुवत असतो. खरे काडतूस झाडले तर ती फुटते. १६ पाकळ्यांच्या शेवंतीच्या शाही शिक्क्यावरून ओळख पटेलच असे नाही, कारण शरणागतीच्या वेळी खऱ्या रायफलींवरूनही तो घासून काढला गेला. रिसीव्हरमागची शेपटी (दस्त्यात शिरणारी धातूची पट्टी) पाहावी: खऱ्या रायफलीत ती सुटी असते, कवायतीच्या बंदुकीत बहुधा रिसीव्हरसोबत एकसंध ओतलेली.