हेरवाडचा ठराव : आधीचं आणि नंतरचं

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष चालू होतं. दोनच दिवसांनी, ६ मेला, अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. १७ मेच्या परिपत्रकात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाची आठवण आता बहुतेक सत्कार आणि छायाचित्रांपुरती उरली आहे. घरात जे चालतं ते राजकारण असतं का, या जुन्या वादातला तो एक टप्पा होता, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

हा वाद जगभर ज्यांनी सर्वांत टोकदारपणे मांडला त्या बायकांना मराठीत ‘जहाल स्त्रीवादी’ म्हणतात. या शब्दाने घोळ केला आहे. जहाल म्हटलं की आपल्याला जहाल-मवाळ वाद आठवतो, आणि जहाल बाई म्हणजे भांडकुदळ बाई असा अर्थ परस्पर लागतो. मूळ इंग्रजी शब्द ‘रॅडिकल’ हा लॅटिनमधल्या ‘मूळ’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्यामुळे ‘मूलगामी’ हेच नाव बरोबर. १९६७ नंतर न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांत या बायका छोट्या गटांनी बसू लागल्या, आपापल्या घरातलं बोलू लागल्या. लग्न, मूल, स्वयंपाक, मारहाण, अंथरूण असं सगळं त्यात आलं. प्रत्येकीला जे आपलं नशीब वाटत होतं ते सगळ्यांचं सारखंच निघालं. यातून त्यांचा सिद्धांत आला: पुरुषसत्ता आधी घरात शिकवली जाते, मग बाजारात आणि कचेरीत वापरली जाते. नुसते कायदे आणि नोकऱ्या मिळून भागणार नाही. कुटुंबाची घडणच तपासावी लागेल.

शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात त्याआधी पन्नास वर्षं राज्यसत्ता घरात शिरली होती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७चा. बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९१९चा. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाला भारतीय दंडविधानात वेगळं कलम मिळायला त्यानंतर १९८३ उजाडावं लागलं. पोरी देवाला सोडण्याविरुद्ध कायदा १९२०चा. पण हे वरून आलेलं होतं, दरबारातून. सत्तरच्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातल्या देवदासी आणि पुढे टाकून दिलेल्या बायका स्वतः रस्त्यावर आल्या, तेव्हा तोच प्रश्न खालून विचारला गेला.

आपल्याकडची पुरुषसत्ता जातीजातीत वेगळी, हे इथे सांगायलाच हवं, कारण अमेरिकेतल्या मांडणीत त्याला जागा नव्हती. केशवपन ब्राह्मण घरांतलं. शेतकरी-कारागीर जातींत पाट लागायचा, विधवेला दुसरा संसार करता यायचा. एखादं घराणं कुलीन म्हणवून घ्यायला लागलं की आधी पाट बंद व्हायचा. बाईचं आयुष्य आवळून घराची इभ्रत वाढवायची, ही ती रीत. ‘सगळ्या बायका एकच’ असं म्हणताना हे विसरून चालत नाही.

आता ठरावाकडे. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या गोष्टी त्यात नावानिशी घेतल्या आहेत. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मयताला अजून उचललेलं नसतं, आणि दोघी-तिघी त्या बाईचा हात धरून दगडावर बांगड्या फोडतात. काच मनगटात घुसते. ती रडतेय ते नवऱ्यासाठी की हातासाठी, हे विचारायला कुणाला सवड नसते. कोरोनाच्या दोन वर्षांत पंचविशी-तिशीतल्या पोरींवर ही वेळ आली. हेरवाडला जाग आली ती यातून.

वाद पुढे उभा राहिला तो दोन्ही बाजूंनी. परंपरावाल्यांचं म्हणणं अपेक्षितच होतं. महत्त्वाचा आक्षेप स्त्रीवादी बायकांमधूनच येतो: कुंकू आणि मंगळसूत्र ठेवायचा हक्क मिळाला, पण ती लग्नाचीच खूण राहिली. पुरुषाच्या अंगावर बायकोच्या असण्या-नसण्याची एकही खूण नसते. लग्नपत्रिकेत तो चि. असतो, एरवी आधीही श्री., नंतरही श्री. ती मात्र कुमारी, मग चि. सौ. कां., मग सौ., मग गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. मूलगामी विचार सांगतो की हा हिशेबच बाईच्या अंगावरून उतरवा.

हा आक्षेप मला पटतो. तरीही शिरोळच्या बाईला ‘कुंकू सोड, तीच मुक्ती’ असं सांगायला मी जाणार नाही. जे हिसकावून घेतलं ते तिला आधी परत हवं आहे. ठेवायचं की टाकायचं ते ती नंतर ठरवेल. ठरावात मला खुपतं ते दुसरंच: त्यात दागिने आहेत, जमीन नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. गावात अजून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, एक साडी घेतात आणि माहेर तुटलं नाही म्हणून समाधान मानतात. शिवाय ठराव मोडला तर शिक्षा नाही, आणि परिपत्रकाचा भर प्रबोधनावर.

नंतरच्या घडामोडी शब्दांभोवतीच फिरल्या. एप्रिल २०२३ मध्ये विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना मंत्रालयातून आली आणि टीका होताच ती फक्त चर्चेसाठी होती असा खुलासा झाला. चळवळीतला शब्द ‘एकल महिला’. त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित सगळ्या मावतात, आणि नवरा त्या शब्दात कुठेच नाही. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं.

गेल्या संक्रांतीला शिरोळ भागातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. कोरोनात नवरा गेलेली शेजारची सून आली होती, हातात हिरव्या बांगड्या. घरच्या सुनेने तिला कुंकू लावलं, वाणही दिलं. मग ओटीचं ताट निघालं. सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि तिच्या पुढून पलीकडच्या बाईकडे नेलं. कुणी काही बोललं नाही. ती उठली, पदर खोचला आणि तिळगुळाचा डबा घेऊन सगळ्यांना वाटायला लागली.