‘लाइक’ दिसलं की सिमिली? नाही!

ठाण्यात, नौपाड्यातली शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. ‘ही वर्क्स ॲज अ टीचर’ या वाक्यापुढे तिने ‘सिमिली’, म्हणजे इंग्रजीतली उपमा, असं लिहिलं होतं. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ आलं की सिमिली, हे वर्षानुवर्षं घोकलं जातं आणि ते चूक आहे. इथे ‘ॲज’ फक्त पेशा सांगतो, तुलना नाहीच.

बरं, नुसती तुलनाही पुरत नाही. मासुंदा तलाव उपवनच्या तलावासारखा म्हटलं, तर तळ्याची तळ्याशी बरोबरी झाली. ‘द लेक इज लाइक अ मिरर’ ही मात्र खरी सिमिली: पाणी आणि आरसा मुळात वेगळे, पण प्रतिबिंब दोघांतही दिसतं. आपल्या उपमेत या समान गुणालाच साधारण धर्म म्हणतात.

“मग ‘ॲज’खाली नको, आधी तुलना केलेल्या दोन गोष्टींखाली रेघ मारायची?” तिने विचारलं. अगदी बरोबर!