आधी गाढव, मग घोडा: गाडीला जुंपण्यामागचा इतिहास

चाकाची गाडी आली तेव्हा ती ओढायला बैल होते. इसवी सनपूर्व ३५००च्या आसपासचे तिचे पुरावे मेसोपोटेमियात आणि युरोपातही मिळतात. गाढव त्याआधीच आफ्रिकेत माणसाळलं होतं, पण त्याचं काम पाठीवर ओझं वाहण्याचं. त्याला गाडीला लावायचं ठरल्यावर बैलाचंच जू त्याच्या मानेवर आलं. बैलाच्या वशिंडापुढे जू अडून राहतं; गाढवाला वशिंड नाही. म्हणून जू जागेवर ठेवायला पट्टे बांधावे लागले.

या जोडणीचं सर्वांत जुनं प्रसिद्ध चित्र इराकमधल्या उर इथे सापडलं. साधारण ४५०० वर्षांपूर्वीच्या त्या शिंपल्या आणि लाजवर्द या निळ्या दगडाच्या फलकावर भरीव चाकांचे युद्धरथ आहेत आणि ते ओढणारी जनावरं ना धड गाढवं, ना घोडे. प्राचीन दक्षिण इराकमधल्या सुमेरी लोकांच्या नोंदींमध्ये 'कुंगा' नावाचं महागडं जनावर येतं, ते बहुधा हेच. सीरियातल्या उम्म अल-मर्रा इथे पुरलेल्या अशा जनावरांच्या सांगाड्यांची जनुकीय तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली: आई पाळीव गाढवीण, बाप रानगाढव. संकर वांझ असल्यामुळे दर पिढीला नवा रानटी नर पकडून आणणं आलं. एवढा खटाटोप वेगासाठी आणि ताकदीसाठी.

हाकण्याचं साधन मात्र तोकडं होतं. फलकावर दोर नाकातल्या कडीला बांधलेले दिसतात, म्हणजे आपली वेसणच. वेसण ओढून जनावर थांबवता येतं. भरधाव असताना डावं-उजवं वळवणं अवघड. इस्राएलमधल्या तेल एस-साफी इथल्या साधारण ४७०० वर्षांपूर्वीच्या गाढवाच्या दातांवर लगामाची झीज दिसते, म्हणजे तोंडात काहीतरी अडकवण्याची युक्ती घोड्याआधी गाढवावर करून झाली होती.

घोडा आला तो व्होल्गा-डॉन भागातल्या गवताळ प्रदेशातून. इसवी सनपूर्व २०००च्या सुमारास उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांमध्ये आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ सापडतात. सोबत लगामाचे गालाशी टेकणारे तुकडे, आतल्या बाजूला टोकं काढलेले. वळवण्याचा प्रश्न सुटला, जरा क्रूरपणेच.

घोड्यांच्या शिकवणीचा पहिला सविस्तर लेखी पुरावा इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला. उत्तर सीरियाच्या भागातल्या मितान्नी राज्याचा अश्वशिक्षक किक्कुली याने आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांसाठी सांगितलेल्या सूचना मातीच्या पाट्यांवर टिकल्या आहेत. अनेक महिन्यांचा तो दिनक्रम आहे: कोणत्या दिवशी किती अंतर दुडकी, किती दौड, मग धुणं, झूल घालणं, चारा, धान्य, रात्रीचा फेरफटका. श्रम आणि विश्रांती आलटून पालटून. आजचा पळण्याचा प्रशिक्षकही ते वाचून मान डोलावेल. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अश्वाध्यक्षाचं वेगळं प्रकरण आहे. त्यात रथाच्या घोड्यांची मजल सहा, नऊ आणि बारा योजनं अशी प्रतवारीने दिली आहे.

गळ्याच्या पट्ट्यावरून विसाव्या शतकात बरंच रण माजलं. लफेव्र दे नोएत या निवृत्त फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने प्रयोगांच्या आधारे मांडलं की प्राचीन जोडणीत घोड्याची श्वासनलिका दाबली जाई, म्हणून तो जड ओझं ओढू शकत नसे. ही कल्पना पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली. १९७०च्या दशकात झाँ स्प्र्युइत या फ्रेंच अश्वतज्ज्ञाने जुन्या चित्रांबरहुकूम साज बनवून घोडे हाकले, आणि ते गुदमरले नाहीत. आधीच्या प्रयोगात दोन वेगळ्या जोडण्यांची सरमिसळ झाली होती. तरी चीनमध्ये आलेला छातीपट्टा आणि नंतर खांद्यांवर बसणारा भरीव गळपट्टा यांनी जड ओढकाम सोपं केलं, हे खरंच.

मुंबईत ९ मे १८७४ला ट्राम सुरू झाली ती घोड्यांवरच. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. महाराष्ट्रातलं गाढव मात्र गाडीला क्वचितच लागलं. जेजुरी आणि मढीच्या गाढवबाजारात आजवर खरेदी होत आली ती मुख्यतः पाठीवर माती, वाळू, विटा वाहण्यासाठी.