अ‍ॅटॅकमाइट

तांब्याचे एक दुर्मिळ हिरवे खनिज. रासायनिक दृष्ट्या हे तांब्याचे क्लोरीनयुक्त हायड्रॉक्साइड असून त्यात वजनाने सुमारे ५९.५ टक्के तांबे असते. नाव चिलीतील अटाकामा वाळवंटावरून पडले. त्या जवळजवळ बिनपावसाच्या मुलखात खारटपणा मिळाला की तांब्याच्या धातुकांच्या (ज्यांतून तांबे काढतात त्या खनिजांच्या) वरच्या, हवेने बदललेल्या थरात ते तयार होते. तिकडे त्याची पूड एकेकाळी शाई टिपायला वापरत.

स्फटिक समचतुर्भुजी (तीन असमान अक्ष एकमेकांना काटकोनात असलेले), बारीक, लांबट व उभ्या रेघांचे. रंग गडद पाचूसारखा, कधी काळपट. कस (खरबरीत पृष्ठावर घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग) सफरचंदी हिरवा. चमक हिऱ्यासारखी ते काचेसारखी. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) सुमारे ३.७६. कठिनता ३ ते ३.५, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठेल. तरीही ग्लिसेरा नावाच्या समुद्रकिड्याच्या जबड्यात याचेच तंतू असतात आणि त्यामुळे जबडा लवकर झिजत नाही. मॅलॅकाइट या तांब्याच्या हिरव्या कार्बोनेट खनिजाशी अ‍ॅटॅकमाइटची गल्लत होते. अम्लाचा थेंब टाकला की मॅलॅकाइट फसफसते, हे मात्र निमूट विरघळते.

कोकणच्या जांभ्यात किंवा काळ्या कातळात ते शोधण्यात अर्थ नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे ते घरातच सापडू शकते : न्हाणीघरातला बंब, देवळातली घंटा, एसीची तांब्याची नळी. आपण या साऱ्याला सरसकट ‘कळंक’ म्हणतो, पण कळंक एकच नसतो. भांड्याला घट्ट चिकटलेला गुळगुळीत हिरवा थर बहुधा आतले तांबे राखतो. पावसाळाभर पडवीत राहिलेल्या हंड्याच्या काठाच्या दुमडीत फिकट हिरवी भुकटी दिसली, आणि ती बोटाने पुसल्यावर खाली बारीक खड्डा लागला, तर प्रकरण वेगळे. खाऱ्या हवेतले मीठ आधी तांब्याचे क्लोराइड बनवते. दमट हवेत त्याचे अ‍ॅटॅकमाइट किंवा त्याचीच भावंडे असलेली खनिजे होतात आणि सोबत थोडे हायड्रोक्लोरिक अम्ल सुटते. ते अम्ल पुन्हा तांबे खाते. संग्रहालयवाले यालाच ब्राँझचा रोग म्हणतात.

चिंचेने किंवा आमसुलाने घासले की भुकटी जाते, भांडे लखलखते. खड्ड्यातले क्लोराइड मात्र तिथेच राहू शकते, म्हणून पुढच्या पावसात हिरवे ठिपके नेमके त्याच जागी उमटतात. घासलेले भांडे गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन कडक उन्हात वाळवावे, आणि पाऊस लागण्याआधी चुलीजवळच्या कोरड्या माळ्यावर चढवावे.